मदत हवी आहे: सॅव्हेजची बॅरल घरी बदलायची आहे, टूल्स कोणती घेऊ?

माळरान
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सॅव्हेज रायफल आहे आणि तिची नवीन बॅरल काल घरी आली. बंदुकीच्या दुकानात विचारलं, तर हंगामाआधी हात लागणार नाही म्हणाले. इथे मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला हरणाचा रायफल हंगाम सुरू होतो. त्याआधी बॅरल बसवून, रेंजवर जाऊन झिरो करायची आहे, म्हणजे नेम जुळवायचा आहे. गॅरेजमध्ये बेंच व्हाइस आहे, पाने आहेत, गाडीच्या चाकांसाठी घेतलेला टॉर्क रेंचही आहे. व्हिडिओ ढीगभर पाहिले, पण प्रत्येकाचं सामान वेगळं.

प्रश्न एकच. बॅरल व्हाइस (बॅरल धरणारा शिकंजा) घेऊ की ॲक्शन रेंच (रिसीव्हर, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, धरणारा पाना)? दोन्हींवर पैसे घालायचे नाहीत. हेडस्पेस गेज (चेंबरचं माप तपासणारे) मित्राकडे आहेत, तो खर्च नाही. "दुकानात दे" असं कृपया सांगू नका, ते विचारून झालंय.

उत्तरेचा_वारा
कोणती सॅव्हेज? ११० की ॲक्सिस? जुनी बॅरल कोणत्या कॅलिबरची आणि नवी कोणत्या? नवी नटवर बसणारी प्रीफिट (चेंबर आधीच कापलेली) आहे ना? जुन्या नटावर उभ्या खाचा आहेत की तो गुळगुळीत आहे? हे कळल्याशिवाय पाना कुठला घ्यायचा ते कसं सांगणार?

लेथवाले_अप्पा
माझं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलं, म्हणून राहवत नाही. बॅरल बसवणं हे लेथचं काम आहे. शोल्डर (बॅरलवरची पायरी, जी रिसीव्हरला टेकते) फेस करायचा, चेंबरची खोली मापात आणायची, आटे तपासायचे. बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. ३०८ विंचेस्टरचा गो गेज (यावर बोल्ट बंद व्हायला हवा) १.६३० इंचांचा आणि नो-गो (यावर बंद होता कामा नये) १.६३४ इंचांचा. मधे फक्त चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. एवढ्या मापाचं काम गॅरेजमध्ये पान्याने करू नये.

उत्तरेचा_वारा
अप्पा, शोल्डरवाल्या बॅरलबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. रेमिंग्टन ७०० ची कारखान्याची बॅरल तशीच असते, तिला लेथ लागतोच. सॅव्हेजचं वेगळं आहे. १९५८ साली ११० बाजारात आली, तेव्हापासून तिच्यात बॅरल नट आहे. बॅरल आट्यांवर आत-बाहेर फिरवून हेडस्पेस जुळवायचा आणि नटाने जागेवर आवळायचा. ते चार थाऊ आट्यांवरच मिळतात. इंचाला २० आटे आहेत, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ५० थाऊ. चार थाऊ म्हणजे फेऱ्याचा बारावा हिस्सासुद्धा नाही, पण हाताला तो सहज कळतो.

लेथवाले_अप्पा
नट आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग हिशेब पटला. तरी नव्या बॅरलचा चेंबर गेजने तपासल्याशिवाय कुणीही गोळी झाडू नये.

माळरान
११० आहे. नटावर खाचा आहेत. नवी बॅरल नटवालीच आहे, ६.५ क्रीडमूर. जुनी ३०८. बोल्ट तोच चालतो असं विकणाऱ्याने सांगितलं. आता बॅरल व्हाइस की ॲक्शन रेंच, तेवढं सांगा.

पुंगळी_भरणारा
थांबा! मित्राकडचे गेज कुठले आहेत? ३०८ चे असतील तर ते या बॅरलला चालणार नाहीत.

सह्याद्रीपार
का नाही चालणार? मी माझी २४३ ची बॅरल ३०८ च्याच गेजवर बसवली आहे. सगळी एकाच पुंगळीची (काडतुसाच्या पितळी नळकांड्याची) भावंडं आहेत.

पुंगळी_भरणारा
२४३ विंचेस्टर, २६० रेमिंग्टन, ७ एमएम-०८ ही ३०८ च्या पुंगळीपासून निघाली, खांद्याची जागा तीच राहिली, म्हणून तिथे ३०८ चा गेज चालतो. क्रीडमूर त्या घरातलं नाही. हॉर्नडीने ते ३० टीसी पुंगळीवरून बनवलं. खांदा ३० अंशांचा, जागाही वेगळी. ३०८ चा खांदा २० अंशांचा. बुडाचा व्यास सारखा आहे म्हणून बोल्ट तोच चालतो, विकणाऱ्याने ते बरोबर सांगितलं. पण बोल्ट चालला म्हणजे गेजही चालला असं नाही. याच समजुतीतून लोक चुकीच्या गेजवर नट आवळतात.

माळरान, आधी ६.५ क्रीडमूरचा गो गेज मागवा. तीस-चाळीस डॉलरला मिळतो, भाड्यानेही मिळतो. टूल्सच्या यादीत पहिलं नाव त्याचं. व्हाइस की रेंच हा वाद नंतरचा.

सह्याद्रीपार
मान्य. मग गेज तरी कशाला? कंपनीचं नवं काडतूस चेंबरमध्ये घालून, बोल्ट बंद करून नट आवळला की झालं. माझे दोन मित्र असंच करतात आणि त्यांच्या रायफली उत्तम चालतात.

पुंगळी_भरणारा
जिवंत काडतूस चेंबरमध्ये आणि हातात पाना? असं कुणी करू नका, वाचणाऱ्या नवख्यांनीही नाही. शिवाय कंपनीचं काडतूस कोणत्याही चेंबरमध्ये बसावं म्हणून मुद्दाम आखूड ठेवलेलं असतं. प्रत्येक लॉट वेगळा. तुम्ही एका लॉटवर चेंबर जुळवला आणि दुसरा लॉट जरा लांब निघाला, की बोल्ट बंद होत नाही. उलट बाजूला चूक झाली तर पुंगळी ताणली जाते आणि बुडाजवळ तुटते. मग तो गरम वायू मागे, तोंडावर येतो. गेज पोलादाचा, घासून मापात आणलेला असतो. त्याला पर्याय नाही.

टेक्सासची_पोर
माळरान, तुम्ही एच-१बी वर असाल तर आधी हे वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला इथल्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. परवान्याची तारीख उलटली की तो अपवादही गेला. आपल्या लोकांमध्ये ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, आणि त्यापायी ग्रीन कार्ड अडकू शकतं.

माळरान
ग्रीन कार्ड आहे, शिकारीचा परवानाही आहे. पण हे सांगितलंत ते बरं झालं, आमच्या ग्रुपमधल्या दोघांना पाठवतो.

मित्राचे गेज ३०८ चेच निघाले. क्रीडमूरचा गो मागवला. नो-गो पण घेऊ का?

पुंगळी_भरणारा
घेतलात तर उत्तम. नाही घेतला तर गो गेजच्या बुडाला पारदर्शक चिकटपट्टीचा एक थर लावा, साधारण दोन थाऊचा होतो. दोन थर लावल्यावर बोल्ट अडला पाहिजे. आणि गेज लावताना बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून ठेवा. इजेक्टरची स्प्रिंग गेजला पुढे ढकलते आणि खरा स्पर्श कळत नाही. बोल्ट स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. जोर लावून बंद केलात तर माप फसवं येतं.

लेथवाले_अप्पा
चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नये. नो-गो विकतच घ्या. मापाच्या कामात असा जुगाड नको.

कोल्हापुरी_नेम
आमच्याकडे ५० मीटरवाल्यांच्या रायफलीला घरी कुणी पाना लावत नाही, कारागीरच बघतो. नेमबाजाने नेम धरायचा आणि यंत्र यंत्रवाल्याने बघायचं, असं आमच्या कोचचं म्हणणं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, त्याआधी २०१० ला तेजस्विनी सावंत म्युनिकला प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राधानगरी-कोल्हापूरच्या पट्ट्यात आता पोरंपोरी रेंजवर रांग लावून उभी असतात. त्यांना आधी एअर रायफल देतात, तेच बरोबर आहे.

तळकोकणी
विषय निघालाच आहे तर विचारतो. वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाची एकनळी १२ बोअर होती, आता लायसन माझ्या नावावर झालं. रानडुकरं भात आणि रताळी ठेवत नाहीत. नळीत आतून गंजाचे खड्डे दिसतात. पुढचा भाग कापून टाकला तर चालेल का? मशीनवाला आहे ओळखीचा.

कोल्हापुरी_नेम
दादा, मुळीच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीसुद्धा परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. नळी आखूड करायला कलम ६ खाली वेगळी परवानगी लागते. ओळखीचा मशीनवाला आणि तुम्ही, दोघंही गुन्ह्यात सापडाल. वरचं सगळं बोलणं अमेरिकेतलं आहे, ते इथे लावू नका. आणि खड्डे पडलेल्या नळीतून काडतूस झाडू नका. जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक आर्मररला दाखवा.

तळकोकणी
बरं, नाही हात लावत. सोमवारी घेऊन जातो.

उत्तरेचा_वारा
आता माळरानच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सॅव्हेजला बॅरल व्हाइस आणि नटाचा पाना, एवढं पुरतं. बॅरल व्हाइसमध्ये घट्ट धरायची आणि नट नळीच्या तोंडाकडे सरकेल असा सोडवायचा. नट सुटला की रिसीव्हर हाताने फिरून निघतो. ॲक्शन रेंच लागतो तो शोल्डरवाल्या, कारखान्यात घट्ट बसवलेल्या बॅरलला. तो तुमचा विषय नाही.

नेहमीच्या बेंच व्हाइसच्या दातांत बॅरल धरू नका. दोन लाकडी किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे अर्धगोल कापलेले लागतात, मध्ये राळेची पूड. राळ नसेल तर बॅरल घसरते आणि ब्लूइंगवर (बॅरलच्या काळसर मुलाम्यावर) ओरखडे येतात. व्हाइस टेबलाला आरपार बोल्टने बसवलेला हवा. लाकडी स्क्रूने बसवला असेल तर पहिल्याच झटक्याला टेबलच उखडेल.

सह्याद्रीपार
ॲक्शन रेंचवाले लोकही आहेत. मी रिसीव्हर धरून नट सोडवतो, बॅरल व्हाइस विकत घेतलेलाच नाही. तेवढे पैसे वाचतात.

उत्तरेचा_वारा
तशीही बॅरल निघते, वाद नाही. पण परत आवळताना? रिसीव्हर धरून नट आवळलात की नटाबरोबर बॅरलही किंचित आत फिरते आणि जुळवलेला हेडस्पेस हलतो. बॅरल व्हाइसमध्ये असली तर ती जागची हलत नाही. आवळून झाल्यावर गो आणि नो-गो दोन्ही पुन्हा लावायचेच. टॉर्कचा आकडा बॅरलबरोबर आलेल्या कागदावर असतो, तो घ्या. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर पुढच्या वेळी नट सोडवताना जीव जाईल.

माळरान
काल संध्याकाळपासून पेनिट्रेटिंग तेल सोडून ठेवलंय, आज नट जरासा हलला. व्हाइसचे ठोकळे, पाना, क्रीडमूरचा गो आणि नो-गो, सगळं मागवलं. रिकॉइल लग (रायफलीचा धक्का दस्त्यावर देणारा तुकडा) नव्या बॅरलबरोबर आला नाही, जुनाच वापरायचा ना?

उत्तरेचा_वारा
हो, जुनाच. रिसीव्हर आणि नटाच्या मध्ये बसतो, आवळायच्या आधी तो सरळ आहे ना ते बघा. वाकडा राहिला तर दस्त्यात बसणार नाही. आणि एक विचारायचं राहिलंच. नवी बॅरल जाडीला किती? जुनी स्पोर्टर, म्हणजे बारीक होती का?

माळरान
जुनी बारीक होती. नवी जाड आहे, हेवी काँटूर. त्याने काय फरक पडतो?

उत्तरेचा_वारा
दस्त्याची खाच बारीक बॅरलच्या मापाची आहे. जाड बॅरल कुठेतरी टेकणार, आणि टेकली की गरम झाल्यावर गोळीची जागा सरकते. बॅरल बसवून झाल्यावर दस्त्याला पुढच्या टोकापासून डॉलरची नोट बॅरल आणि दस्त्याच्या मधून सरकवा. रिसीव्हरपर्यंत न अडता जायला हवी.

माळरान
नोट पुढच्या टोकापासून दोन इंचांवरच अडते. दस्ता प्लास्टिकचा आहे. घासू की नवा घेऊ?

लेथवाले_अप्पा
घासा. बॅरलपेक्षा थोडा जाड लाकडी दांडा घ्या, त्याला ८० ग्रिटचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि लांबीच्या दिशेने सरळ घासा. दर थोड्या वेळाने बॅरल बसवून नोट सरकवून बघा. प्लास्टिकच्या दस्त्यात आतून फासळ्या असतात. त्या घासून गेल्या तर दस्ता लवचिक होईल आणि बायपॉड लावला की पुन्हा टेकेल, म्हणून फासळ्या दिसू लागल्या की थांबा. तेवढ्याने जागा होत नसेल तर हेवी बॅरलसाठी केलेला दस्ताच घ्या.