अण्णांच्या ऑक्सिजन मशीनसाठी जनरेटर: डिझेल, पेट्रोल की गॅस? (मदत हवी आहे)

दुधनाकाठचा:
नमस्कार मंडळी. गाव सेलू तालुक्यात, मी नोकरीला संभाजीनगरात. घरी आई आणि अण्णा दोघंच. अण्णांना फुफ्फुसाचा जुना आजार. डॉक्टरांनी दिवसातले सोळा तास ऑक्सिजन सांगितलाय, मिनिटाला दोन लिटर. त्यासाठी पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) घेतलं. मशीन चांगलं आहे, लाइटीचा भरवसा नाही.

रोज तास-दीड तास जाते त्याचं काही नाही, इन्व्हर्टर आहे (एकच बॅटरी, १५० एएच). खरी पंचाईत वावटळीची. मागच्या महिन्यात अवकाळीच्या वाऱ्यात गावाबाहेर दोन खांब आडवे झाले, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, अडीच दिवस अंधार. पहिल्याच रात्री इन्व्हर्टर तीन तासांत बसला. आईने अण्णांना ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) पाठीला दोन उशा लावून बसवलं आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. मी पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. ती पुठ्ठा हातात धरूनच भिंतीला टेकून झोपली होती.

तर आता जनरेटर घ्यायचाच आहे. स्टिकर वाचून काढलेला हिशोब असा: कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट, फ्रिज २००, दोन पंखे १५०, कूलर २००, दिवे ५०, आणि बोअरची १ एचपी सिंगल फेज मोटर. दुकानदार म्हणतो ५ केव्हीए सायलेंट डिझेल घ्या. किंमत ऐकून अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. मेहुणा म्हणतो पेट्रोलचा घेऊन गॅस किट बसव. चुलतभाऊ म्हणतो ट्रॅक्टर दारात उभा आहे, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) वीज तयार करणारा अल्टरनेटर लाव. पण ट्रॅक्टर जोडणार कोण? आईचं वय ६४. दोरी ओढून इंजिन चालू करणंही तिला होणार नाही.

पेट्रोल पंप ९ किलोमीटरवर. डिझेल मात्र ट्रॅक्टरमुळे घरात कायम असतं. काय करू?

मुरमाड:
भाऊ, आधी मोटर यादीतून खोडा. एक एचपीची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट घेते, पण उठताना तिप्पट-चौपट ओढते. त्या दोन सेकंदांसाठी तुम्ही ५ केव्हीएचा हत्ती पाळायला निघालात. लाइट असताना टाकी भरून ठेवायची. दोन माणसांना हजार लिटर तीन दिवसांत सरत नाही.

मोटर गेली की उरले साडेनऊशे वॅट. केव्हीएला ०.८ ने गुणलं की किलोवॅट. फ्रिजच्या झटक्याला थोडी जागा ठेवा, शिवाय मे महिन्यात ४३ अंशांत इंजिन पाटीवर लिहिलंय तेवढं देत नाही. तरी अडीच-तीन केव्हीए पुष्कळ झालं.

आता डिझेलचं. इंजिन टिकाऊ आणि लिटरमागे युनिट जास्त, हे खरं. पण ५ केव्हीएवर नऊशे वॅट म्हणजे बैलजोडी जुंपून एक टोपलं वाहणं. इतक्या कमी लोडवर इंजिन नीट तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, सायलेन्सरमधून काळं चिकट तेल गळायला लागतं. माझ्या दुकानावरच्या सेटचं दोन वर्षांत हेच झालं. मिस्त्री म्हणाला, 'सेट खराब नाही, तुम्ही त्याला उपाशी ठेवलं.'

हुरडा_पार्टी:
एवढा खटाटोप कशाला? छतावर सोलर बसवा. ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे केंद्राची.

मुरमाड:
सबसिडी खरी, पण त्या योजनेत लोक बसवतात ते बहुतेक ऑन-ग्रिड, म्हणजे सरकारी लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. लाइट गेली की ते स्वतःहून बंद पडतं, भर दुपारी बारा वाजतासुद्धा. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक लागू नये म्हणून तशीच रचना आहे. बॅटरीवाला हायब्रिड घेतला तर गोष्ट वेगळी, खर्चही वेगळा. आणि आधीच ऑन-ग्रिड असेल तर जनरेटर चालू असताना ते जोडलेलं राहता कामा नये, नाहीतर सोलरची वीज जनरेटरमध्ये शिरते.

दुधनाकाठचा:
मोटरचं पटलं. पण मग पेट्रोल? की गॅस?

मुरमाड:
गॅस इंधन म्हणून मला आवडतो. शिळा होत नाही, कार्बोरेटर चोंदत नाही. पण घरचं १४.२ किलोचं सिलिंडर स्वयंपाकासाठी असतं, ते इंजिनाला लावणं नियमात बसत नाही. १९ किलोचं व्यावसायिक घ्यावं लागेल. किलोला दोन युनिटच्या आसपास धरा, म्हणजे सिलिंडरमागे ३५-४० युनिट. तुमच्या लोडला ते दोन दिवस जाईल, मध्ये बंद ठेवलं तर जास्तच. अडचण एवढीच की किट बिघडलं तर तालुक्याला दुरुस्त करणारा आहे का, ते आधी विचारा. माझ्याकडे नाही, म्हणून मी पेट्रोलवर आहे.

पेट्रोलची खोड साठवणीत. हल्ली त्यात २० टक्के इथेनॉल असतं (आपल्याच उसाचं, तक्रार कुणाकडे करणार) आणि ते हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर टाकीत तसंच ठेवलं की दिवाळीला इंजिन उठत नाही. मी दहा लिटरचा धातूचा डबा ठेवतो. दर दीड-दोन महिन्यांनी तो मोटारसायकलमध्ये ओततो आणि ताजं आणतो. जनरेटर बंद करताना पेट्रोलचा कॉक आधी बंद करायचा, कार्बोरेटरमधलं संपून इंजिन आपोआप थांबू द्यायचं. अशा लोडवर तासाला साधारण लिटरभर लागतं. ३० लिटरपर्यंत पेट्रोल घरी ठेवायला परवाना लागत नाही, पण घरात नको, स्वयंपाकघराजवळ तर मुळीच नको.

वार्ड_नंबर_७:
मी नर्स आहे, इंजिनातलं मला कळत नाही. पण दादा, तुमचा प्रश्न जनरेटरचा आहे की अण्णांच्या रात्रीचा? एक जंबो ऑक्सिजन सिलिंडर घरी भरून ठेवा. त्यात साधारण ७००० लिटर असतात. मिनिटाला दोन लिटरने ५८ तास. म्हणजे तुमचे अडीच दिवस त्या एका सिलिंडरमध्ये जवळपास निघाले असते, तेही इंजिनाच्या आवाजाशिवाय. लहान बी टाइप १५०० लिटरचा, बारा तास जातो, आणि आईंना हलवायला सोपा. रेग्युलेटर आणि ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी) बाटली सोबत घ्या, आणि आईंच्या हाताने दोनदा जोडून बघा. फ्लो डॉक्टरांनी सांगितलाय तोच ठेवायचा, दम लागतोय म्हणून वाढवायचा नाही. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा, त्या खोलीत विडी-काडी, देवाजवळची समई काही नको. झडपेला तेल-ग्रीसचा हात लावू नका.

आणि जनरेटर कुठे ठेवणार?

दुधनाकाठचा:
ताई, सिलिंडरचा विचारच डोक्यात आला नव्हता. खरं सांगतो, वाचून गप्प बसलो जरा वेळ. जनरेटर गोठ्यात ठेवायचं ठरवलं होतं, ढाळजेला लागूनच आहे.

वार्ड_नंबर_७:
नको! धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढून ऑक्सिजन काढतं, म्हणजे तुम्ही धूर थेट अण्णांच्या नाकाशी नेताय. उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब ठेवा. वर फक्त पत्रा.

दुधनाकाठचा:
अपडेट देतो. जंबो एक आणि बी टाइप एक घेतला. इन्व्हर्टर २४ व्होल्टचा केला, दोन बॅटऱ्या, साइन वेव्ह. नुसत्या कॉन्सन्ट्रेटरला आता सहा तास मिळतात. जनरेटर ३ केव्हीए पेट्रोल, सेल्फ स्टार्ट. डिझेल घरात असूनही पेट्रोल घेतला म्हणून चुलतभाऊ हसला, हसू दे. काल मेन पाडून तालीम केली. आईने चावी फिरवली, दुसऱ्या झटक्याला चालू. अण्णा आतून म्हणाले, 'विहिरीवरचं आपलं इंजिन याच्यापेक्षा बरं बोलायचं.'

एकच राहिलं. वायरमन म्हणतो चेंजओव्हरची (लाइट की जनरेटर, एका वेळी एकच जोडणाऱ्या स्विचची) गरज नाही, दोन्ही टोकांना पिन लावून देतो, सॉकेटमध्ये खुपसा.

मुरमाड:
त्या वायरमनला दारात उभं करू नका. जनरेटरची वीज मीटरमधून उलटी डीपीत गेली की तिथून अकरा हजार व्होल्ट होऊन लाइनवर जाते, आणि त्याचाच भाऊबंद लाइन बंद आहे समजून खांबावर चढलेला असतो. दोन पोलचा चेंजओव्हर घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. अर्थिंग वेगळं करा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा, कोळसा-मीठ भरा, आणि मार्च ते जून आठवड्याला दोन कळशा पाणी ओता. जनरेटरचा कट्टाही मुरमावरच बांधा, नाहीतर पहिल्या पावसात एका बाजूला कलेल.

दुधनाकाठचा:
चेंजओव्हर उद्या सेलूहून आणतो. कळशा ओतायचं काम अण्णांनी मागून घेतलंय, बसल्या बसल्या नळी धरून.