मदत हवी आहे: फवारणीच्या पेशंटची पल्स वाढलेली कशी? (उद्या केस प्रेझेंटेशन)

पऱ्हाटीचं_फूल (रात्री ८.४०)
नमस्कार. बी.एस्सी. नर्सिंग, सेकंड इयर. उद्या सकाळी ९ ला केस प्रेझेंटेशन आहे आणि एकाच ठिकाणी गाडं अडलंय. पेशंट फवारणीचा, ऑर्गॅनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक गट) पॉयझनिंग. पुस्तकात ब्रॅडीकार्डिया (मंद पल्स), टाचणीच्या टोकाएवढे प्युपिल, लाळ, घाम. माझ्या पेशंटची पल्स १२८, प्युपिल मोठे, तोंड कोरडंठाक. सगळंच उलटं! मॅडमनी वहीवर लाल पेनाने फक्त 'पॅथोफिजिऑलॉजी जुळत नाही' लिहून परत दिली, म्हणजे आजारात शरीरात काय बिघडतं ते लक्षणांशी जुळत नाही. मग जुळवायचं कसं? पुस्तक चूक की मी? लक्षणांची यादी पाठ आहे, ती परत सांगू नका. लवकर सांगा प्लीज, इकडे लाइट जाऊन येऊन राहिली.

वऱ्हाडी_ठेचा (८.५२)
फवारणीचा म्हणजे काय ते आधी सांग बाई. आंगावर उडालं का पेलं? आमच्या इकडं दोन्हीले 'औषध'च म्हनतेत. "त्यानं औषध घेतलं" म्हटलं की अर्ध्या गावाले वाटते ताप आला असन, अन् अर्धं गाव गाडी काढाले पळते.

शंकासुर (८.५८)
प्युपिलला मराठीत सरळ 'बाहुली' म्हणतात. इतका सुंदर शब्द असताना हे कशाला?

पऱ्हाटीचं_फूल (९.०३)
मॅडमना बाहुली सांगितली तर मलाच बाहेर काढतील. @वऱ्हाडी_ठेचा, अंगावर उडालं. पंप पाठीवर गळत होता. पेलेला नाही.

निसर्गमित्र (९.०७)
अशा केसमध्ये धोतऱ्याचं बी उत्तम. महादेवाला वाहतात ते उगाच नाही. अ‍ॅट्रोपीन (या विषावर देतात ते औषध) त्यातलंच. आपल्या पूर्वजांना...

निवृत्त_ब्रदर (९.११)
निसर्गमित्र, हात जोडतो, हे इथं लिहू नका. कोणी वाचून खरंच देईल. एका बीत किती अंश आहे ते तुम्हाला सांगता येतं का? कमी पडलं तर उपयोग शून्य, जास्त झालं तर ताप चढून माणूस बरळत खाटेवरून उठतो. असे दोन पेशंट मी स्वतः धरून ठेवले आहेत.

@पऱ्हाटीचं_फूल, तीन गोष्टी सांग. पल्स कधी घेतली? पेशंट कधी भरती झाला? आणि सलाईनमधून काय चालू होतं?

पऱ्हाटीचं_फूल (९.१६)
पल्स मीच घेतली, आज सकाळी ११ ला. भरती परवा संध्याकाळी. सलाईन चालू होती, त्यात अ‍ॅट्रोपीन. पण ते मेडिकेशनच्या कॉलममध्ये लिहायचं असतं ना, म्हणून इथं नाही लिहिलं.

निवृत्त_ब्रदर (९.१८)
बस! तुझं उत्तर त्याच कॉलममध्ये आहे.

पुस्तकातलं चित्र औषध न मिळालेल्या माणसाचं. तू पाहिलास तो दीड दिवस अ‍ॅट्रोपीनवर असलेला. आता नीट वाच. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, निरोप देतं आणि अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं. आठवडी बाजार उठला की झाडून काढणारा माणूस असतो ना, तसं. ऑर्गॅनोफॉस्फरस त्या झाडणाऱ्याचाच हात धरून ठेवतं. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं. हृदयावर मस्कॅरिनिक रिसेप्टरवाटे (रिसेप्टर म्हणजे निरोप घेणारी जागा) पल्स उतरते, ग्रंथी गळायला लागतात, श्वासनळ्या आवळतात आणि स्रावाने भरतात.

अ‍ॅट्रोपीन काय करतं? साचलेलं काढत नाही. फक्त मस्कॅरिनिक रिसेप्टरवर ठाण मांडून बसतं, म्हणून निरोप पोचत नाही. पल्स वर, तोंड कोरडं, बाहुली मोठी. (शंकासुर, 'बाहुली' लिहिलंय, खूश व्हा.)

डोसवाला (९.२६)
ब्रदर, अर्धंच सांगितलं. टॅकीकार्डिया (वेगवान पल्स) अ‍ॅट्रोपीनशिवायही येतो. सिम्पथेटिक (पल्स वाढवणाऱ्या) मज्जातंतूंच्या गँगलियातसुद्धा, म्हणजे जोडगाठीतसुद्धा, पहिला निरोप अ‍ॅसिटिलकोलीनच नेतं, तिथं निकोटिनिक, म्हणजे दुसऱ्या जातीचे, रिसेप्टर असतात. अ‍ॅड्रिनल मेड्युलाही (अ‍ॅड्रिनलिन सोडणारा भाग) त्याच तारेवर. म्हणजे विष एकाच वेळी ब्रेकही दाबतं आणि अ‍ॅक्सिलरेटरही. कोणाचा जोर जास्त, त्यावर पल्स ठरते. फार्मकॉलॉजीच्या पहिल्याच धड्यात आहे हे.

निवृत्त_ब्रदर (९.३१)
धडा आम्हीही वाचलाय. वॉर्डात बत्तीस वर्षं काढली, त्यात तुमचा अ‍ॅक्सिलरेटर फार वेळा दिसला नाही.

डोसवाला (९.३४)
आल्या आल्या अ‍ॅट्रोपीन मारल्यावर दिसणार कसा?

निवृत्त_ब्रदर (९.३५)
मग पोरीलाच विचारू. भरतीच्या वेळचे व्हायटल्स काय होते? केसपेपरचं पहिलं पान बघ.

सिकलसेल_जनजागृती (९.३८)
मध्येच लिहितो. विदर्भातल्या मुलींनी सिकलसेलची केस घ्यायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन, एवढ्या एका बदलावर पूर्ण पॅथोफिजिऑलॉजी उभी राहते. ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे लांब दांडे बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. प्रेझेंटेशनला एकदम सोपी.

पऱ्हाटीचं_फूल (९.४०)
दादा, उद्या ९ ला आहे. आता केस बदलू?

पऱ्हाटीचं_फूल (९.५८)
लाइट गेली होती. मैत्रिणीकडून पहिल्या पानाचा फोटो मागवला. भरतीच्या वेळी: पल्स १०४, प्युपिल पिनपॉइंट, छातीत दोन्हीकडे क्रेप्ट्स (छाती भरल्याचे आवाज), कपडे घामाने ओले, मांड्यांवर फॅसिक्युलेशन. म्हणजे अ‍ॅट्रोपीनच्या आधीही १०४??

डोसवाला (१०.०१)
😎

निवृत्त_ब्रदर (१०.०६)
बरं, मान्य. मात्र १०४ मध्ये छाती भरल्यामुळे कमी पडलेला ऑक्सिजन आणि भीती यांचाही वाटा असणारच, ते लिहायला विसरू नकोस. तर तुझ्या प्रेझेंटेशनला दोन रकाने कर: भरतीच्या वेळी आणि आज. प्रत्येक लक्षणापुढे रिसेप्टर लिही. पिनपॉइंट बाहुली, घाम, छातीतला स्राव हे मस्कॅरिनिक. डोळा फडफडतो तसं मांडीवरचं मांस फडफडणं (फॅसिक्युलेशन) हे निकोटिनिक. यातलं अ‍ॅट्रोपीनने काय जाईल आणि काय नाही, हा मॅडमचा पुढचा प्रश्न. स्नायूंची अशक्तता अ‍ॅट्रोपीनने जात नाही.

आणि पल्स १२८ पाहून कोणी "अ‍ॅट्रोपीन बंद करा" म्हणालं तर पल्सकडे नको, छातीकडे बघ. छाती साफ, काख कोरडी, पल्स ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, बाहुली टाचणीएवढी नाही, हे बघून डॉक्टर डोस ठरवतात. काख म्हणजे खरंच हात घालून बघायची, लाजायचं नाही. उलट ताप, बरळणं, पोटातले आवाज बंद, लघवी तुंबणं दिसलं तर अ‍ॅट्रोपीन जास्त झालंय, लगेच सिस्टरला सांग.

वऱ्हाडी_ठेचा (१०.१२)
पन तो पेला नाई तर एवढं झालं कसं, हे काहून कोनी विचारत नाई? सप्टेंबरात पऱ्हाटी (कपाशी) छातीच्या वर जाते. फवारा उडवला की वाऱ्यानं तोंडावरच परत येते. पंप पाठीवर गळते, सदरा ओला, वरून उकाडा. अन् मजूर तोच सदरा घालून जेवाले बसते. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारतानाच वीसच्या वर मानसं गेली, त्यातले बरेच मजूर. पुस्तकात हे बी लिहा.

डोसवाला (१०.१५)
हे अगदी बरोबर आणि पॅथोफिजिऑलॉजीतच बसतं. चामडीतून शोषण होतं, घामेजलेल्या, गरम अंगातून जास्त. म्हणून कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणं हा उपचाराचाच भाग. डबा कोणता होता? त्यावर पुढचं ठरेल.

पऱ्हाटीचं_फूल (१०.१९)
नातेवाइकांनी डबा आणला होता, लाल त्रिकोणाचा. मोनोक्रोटोफॉस. त्रिकोणाचं काय?

डोसवाला (१०.२३)
लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी. आणि हे ऑर्गॅनोफॉस्फरसमधल्या डायमिथाइल गटातलं. एन्झाइमला चिकटलेलं विष काही तासांनी असं पक्कं होतं की प्रॅलिडॉक्सिमने (पॅम, एन्झाइम मोकळं करणारं औषध) सुटत नाही, याला 'एजिंग' म्हणतात. डायमिथाइलमध्ये ते लवकर होतं, डायइथाइलमध्ये उशिरा. म्हणून पॅम कधी सुरू केलं ती वेळ प्रेझेंटेशनमध्ये लिहायची. कार्बामेट (कीटकनाशकांचा दुसरा गट) असतं तर एन्झाइम आपोआप मोकळं झालं असतं.

कोकणातली_काकू (१०.२७)
विंचू चावल्यावरही घाम, लाळ, तोंडाला फेस येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले. इथे ते का देत नाहीत?

निवृत्त_ब्रदर (१०.३३)
काकू, फेस दोन्हीकडे, पण येतो वेगवेगळ्या वाटेने. लाल विंचवाच्या विषाने सिम्पथेटिकचं वादळ उठतं, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी उतरतं. प्राझोसिन त्या वादळावर आहे. इथं फेस येतो तो श्वासनळीच्या ग्रंथी गळल्यामुळे. प्रश्न विषयाबाहेरचा होता, पण मॅडमनी विचारला तर पोरगी भाव खाऊन जाईल.

फूल, शेवटचं. आज तिसरा दिवस ना? विषबाधेनंतर साधारण १ ते ४ दिवसांत इंटरमिजिएट सिंड्रोमची भीती असते. लाळ-घाम थांबलेला असतो, सगळ्यांना वाटतं पेशंट सुधारला, आणि मानेचे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. उद्या वॉर्डात गेलीस की त्याला उशीवरून डोकं उचलायला सांग. उचललं नाही तर प्रेझेंटेशन गेलं खड्ड्यात, आधी सिस्टरला आणि डॉक्टरला हाक मार.

शंकासुर (१०.४१)
'पॅथोफिजिऑलॉजी' ला 'विकृतिशरीरक्रियाविज्ञान' म्हणता येईल.

वऱ्हाडी_ठेचा (१०.४३)
एवढं म्हनेपर्यंत पेशंटच जाईन बाप्पा.

पऱ्हाटीचं_फूल (दुसऱ्या दिवशी, दुपारी १.२०)
झालं. दोन रकाने पाहून मॅडम काही बोलल्या नाहीत, म्हणजे चांगलं झालं. फक्त विचारलं, "अंग कोणी धुतलं?" मी म्हटलं, भरतीच्या वेळी धुतलं. त्यांनी पेशंटच्या कानामागचे केस बोटाने बाजूला केले, तिथं पांढुरका थर तसाच होता. हातमोजे घालून परत डोक्यावरून साबण-पाणी केलं, माझ्याकडूनच.

सकाळी साडेसातलाच जाऊन डोकं उचलायला सांगितलं होतं. त्यानं उचललं, धरून ठेवलं आणि विचारलं, "चहा आला का?"

सिकलसेल_जनजागृती (१.४५)
अभिनंदन. पुढच्या केसचं ठरलं का?