सी विंग ग्रुप: कट्ट्यावर वाटलेल्या विरजणाच्या पाकिटांबद्दल

सी-५०२: सगळ्यांना नमस्कार. काल संध्याकाळी कट्ट्यावर आमच्या सासूबाईंना "वय मागे नेणारं" विरजण कोणी दिलं ते प्लीज सांगा. त्यांची केमो चालू आहे हे इथे सगळ्यांना माहितीये, पांढऱ्या पेशी इतक्या खाली आल्यात की आम्ही कच्ची कोशिंबीरसुद्धा देत नाही, आणि सकाळी बघते तर त्यांनी पाकीट दुधात घालून झाकून ठेवलेलं. खाल्लं नाही म्हणून वाचलो. मी खूप घाबरलेय.

सी-१०३: अगं मी दिलं. माझ्या भाच्याने आणली होती, पाच जणींना वाटली. जीन बदललेले चांगले जंतू आहेत, पोटात बसून अँटिऑक्सिडंट बनवतात, रिसर्च झालाय असं तो म्हणाला. तुला आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण असं चारचौघांत...

सी-५०२: काकू मी नाव घेतलंच नव्हतं.

सी-३०१: परत तेच? ते अल्कलाइन पाण्याचं मशीन अजून क्लब हाऊसमध्ये पडलंय 🙏

सी-१०३: त्याचे पैसे मी माझ्या खिशातून घातले होते. सोसायटीचा एक रुपया नाही.

सी-६०४: आमची आजी ९४ वर्षं जगली. रोज दोन वाट्या ताक. बस्स.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहू. काकू, पाकिटाचा फोटो टाका. सी-२०४ ताई, तुमचं मायक्रोबायोलॉजी आहे ना, जरा बघाल का.

सी-२०४: बघितला फोटो. जंतूचं नाव नाही, स्ट्रेन (नेमका उपप्रकार) नाही, संख्या नाही, एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबरसुद्धा नाही. ५०२, ते दूध आधी टाकून दे आणि भांडं उकळून घे. प्रतिकारशक्ती इतकी खाली असताना दुकानातल्या चांगल्या प्रोबायोटिकमधले जंतूसुद्धा क्वचित रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत, हे तर काय आहे तेच माहीत नाही.

सी-२०४: आणि काकू, रिसर्च झालाय हे खरं आहे, भाचा तेवढं खोटं बोलला नाही. मी एमएस्सी बडोद्याला केलं, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात हे काम झालंय. निसल १९१७ नावाचा ई. कोलाय (आतड्यात राहणारा जंतू) आहे, पहिल्या महायुद्धात सगळ्या तुकडीला हगवण लागली तेव्हा एका सैनिकाला काही झालं नाही, त्याच्या पोटातून आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरने तो वेगळा काढला, आणि तो जर्मनीत औषध म्हणून आजपर्यंत देतात. या जंतूला पीक्यूक्यू नावाचं अँटिऑक्सिडंट स्वतःला बनवता येत नाही. बडोद्याच्या लोकांनी दुसऱ्या जंतूची पीक्यूक्यू बनवणारी जीन्स त्यात घातली. गोळी घेतली की एकदाच पोटात जाते, जंतू मात्र आतड्यात असेपर्यंत बनवत राहतो, ही कल्पना. २०१५ मध्ये त्यांनी म्हाताऱ्या उंदरांवरचं काम छापलं, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (अँटिऑक्सिडंट जी झीज रोखतात ती) कमी झाला, रक्तातली चरबी कमी झाली, मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचं, काम सुधारलं. मला खरंच अभिमान वाटतो त्या कामाचा. पण उंदीर. माणसं नाहीत.

सी-४०१: उंदीर तरुण होत असतील तर आपल्या बेसमेंटमधले नक्की बडोद्याचे 😂 काल माझ्या गाडीची वायर कुरतडली

सी-३०१: पेस्ट कंट्रोलचं बिल तीन महिन्यांपूर्वी पास झालं. माणूस कधी येणार?

सेक्रेटरी: सोमवारी येतोय असं आधी दोनदा लिहिलंय.

सी-३०१: कुठला सोमवार ते नाही लिहिलं.

सी-६०४: आमची आजी ९४ वर्षं जगली. रोज दोन वाट्या ताक. कसलं जीन आणि कसलं काय.

सी-२०४: काका तुमच्या आजींच्या बाजूने मोठा माणूस होता. मेचनिकोव्ह नावाचा शास्त्रज्ञ. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध खाऊन जास्त जगतात असं तो शंभर वर्षांपूर्वी सांगायचा, स्वतःही रोज प्यायचा. १९०८ चं नोबेल मात्र त्याला दह्यासाठी नाही, पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात त्यासाठी मिळालं. म्हणजे बघा, आज ५०२ च्या घरी ज्या पेशी कमी आहेत त्याच.

सी-६०४: वा. हे माहीत नव्हतं.

सी-१०३: पण अँटिऑक्सिडंटने वाईट काय होणार गं? चांगलीच गोष्ट ना ती.

सी-२०४: काकू तसंच सगळ्यांना वाटायचं. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला, बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, १९९४ मध्ये निकाल आला तर गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. गाजरातलंच ते, पण डोस, माणूस, आजार बदलला की सगळं बदलतं. आणि जिवंत जंतूचा डोस मोजणार कसा? गोळी बंद करता येते, जंतू बाहेर पडून गटारात गेला, त्याची जीन्स दुसऱ्या जंतूंनी उचलली तर? बेल्जियममध्ये याचा विचार केला होता, त्यांनी लॅक्टोकॉकस या दुधातल्या जंतूमधलं एक जीन काढून त्याच जागी औषधाचं जीन बसवलं, त्यामुळे थायमिडीन (डीएनए बनवायला लागणारा पदार्थ) बाहेरून मिळालं नाही की तो मरतो. २००६ मध्ये छापलेल्या चाचणीत तो क्रोन्सच्या (आतड्याला सूज येणारा आजार) फक्त १० पेशंटना दिला होता, सगळी काळजी घेऊन. आपल्याकडेही जीन बदललेल्या जंतूंसाठी १९८९ चे नियम आहेत, जीईएसी या केंद्राच्या समितीची परवानगी लागते. असा जंतू कोणी पाकिटात घालून कट्ट्यावर वाटत नाही. म्हणजे एकतर पाकिटात तो नाहीच, नाहीतर असायला नको तिथे आहे. दोन्ही वाईट.

सी-३०१: माझं एवढंच म्हणणं, वाटण्याआधी कमिटीला विचारा.

सी-१०३: तुमचं नेहमी एवढंच म्हणणं असतं. परवा तुमच्या दिवाळीच्या डब्यातल्या चकल्या कमिटीला विचारून वाटल्या होत्या का?

सेक्रेटरी: दोघांनीही थांबा प्लीज. काकू, बाकीची पाकिटं परत मागवा.

सी-१०३: मागवते आहे. तीन आली. सी-४०३ च्या आजी फोन उचलत नाहीत.

सी-४०३: मी नात बोलतेय, आजी झोपलीये. तिने काल रात्रीच विरजण लावलं, आज त्याची कढी केली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली 😟

सी-२०४: चांगली उकळली होती का?

सी-४०३: हो, दोनदा उकळी आली, कढी फुटेल म्हणून आजी ओरडत होती

सी-२०४: मग जंतू जिवंत राहिले नसणार. पाकिटात आणखी काय होतं ते कळत नाही, तेव्हा आजींना उलटी जुलाब ताप काही वाटलं तर लगेच डॉक्टरकडे न्या, पाकीट सोबत घेऊन. उरलेलं दही टाका, ताकाला वापरू नका.

सी-६०४: पण साधं घरचं ताक चालेल ना? आमची आजी...

सी-२०४: तुम्हाला चालेल काका. भरपूर प्या. ५०२ कडे मात्र डॉक्टर म्हणतील तेच.

सी-५०२: त्यांच्या डॉक्टरांना फोन झाला. पेशी वर येईपर्यंत असलं काहीही नको म्हणाले, आणि दोन दिवस दर सहा तासांनी ताप बघायला सांगितलाय. आत्ता ९८.४.

सी-१०३: देवाची कृपा. सकाळपासून घास गेला नाही माझ्या घशाखाली. तीस वर्षं एकत्र भाजी निवडली आम्ही दोघींनी, तिला बरं वाटावं एवढंच होतं मनात. मऊ भात करून आणू का? दारातूनच देईन, आत येणार नाही.

सी-५०२: गरम गरमच आणा काकू. आणि मास्क लावून आत या, सकाळपासून तुमचंच विचारतायत.