किशोरवयीन गर्भधारणा : धोका वयाचा की परिस्थितीचा?

प्रश्न
किशोरवयीन माता आणि त्यांची बाळे यांना अधिक धोका असतो, असे नेहमी सांगितले जाते. हा धोका मुलीच्या शरीराची वाढ अपुरी असल्यामुळे असतो, की अशा मुली बहुधा गरीब, कुपोषित आणि दवाखान्यापासून दूर राहिलेल्या असतात म्हणून? केवळ वयच कारणीभूत असेल, तर आज गरोदर असलेल्या मुलीसाठी फारसे काही करता येणार नाही. परिस्थिती कारणीभूत असेल, तर बरेच काही करता येईल.

उत्तर १
दोन्ही कारणे खरी आहेत, मात्र त्यांचे प्रमाण वयानुसार बदलते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरवय मानते. आकडेवारीसाठी ही विभागणी सोयीची असली, तरी तेरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांची तरुणी यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. पाळी सुरू झाल्यानंतरही कटीराच्या, म्हणजे ओटीपोटाभोवतीच्या हाडांची वाढ काही वर्षे चालू राहते, त्यामुळे अगदी लहान वयात बाळंतपण अडण्याची भीती असते आणि वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून सतत लघवीगळती लागू शकते. अठरा-एकोणीसच्या वयात हे कारण मागे पडते. तेथे रक्तक्षय, पहिलटकरणींमध्ये अधिक आढळणारा गरोदरपणातील उच्च रक्तदाब आणि उशिरा झालेली पहिली तपासणी यांचा वाटा मोठा असतो.

उत्तर २
उशिरा होणाऱ्या तपासणीबद्दल थोडे. २०१९ च्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयोगटात दरवर्षी सुमारे २ कोटी १० लाख गर्भधारणा होतात आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या नको असलेल्या असतात. अविवाहित मुलगी बोलणी खावी लागतील म्हणून दिवस गेल्याचे लपवते. विवाहित मुलीला दवाखान्यात केव्हा जायचे हे ठरवण्याचा अधिकारच नसतो. (गर्भनिरोधक साधने मागायला गेलेल्या मुलीला परत पाठवणारे कर्मचारीही या विलंबाला हातभार लावतात, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.)

प्रश्नकर्ता
मग प्रसूती सुखरूप झाली, की धोका टळला असे मानावे का?

उत्तर १
नाही. प्रसूतीनंतर लगेच पुन्हा दिवस राहिले, तर आधीच रक्त कमी असलेल्या शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, अशी शिफारस आहे. म्हणून पाळणा लांबवण्याविषयीचे बोलणे गरोदरपणातील तपासण्यांच्या वेळीच आणि मुलीशी एकटीशी व्हायला हवे.