मधली ११ वर्षं गाळू नका
कुणीतरी म्हटलंय की १७७६ ला स्वातंत्र्य जाहीर झालं आणि पाठोपाठ अमेरिकेची राज्यघटना आली. खरी गंमत मधल्या ११ वर्षांत आहे. १७८१ पासूनच्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'मध्ये (राज्यघटनेआधीचा तेरा राज्यांचा करार) काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला, कर लावायचा अधिकारच नव्हता. राज्यांपुढे हात पसरायचे, देतील तेवढं घ्यायचं. आयातीवर ५ टक्के जकातीची दुरुस्ती सुचवली, तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने ती अडवली, कारण दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. हा अनुभव गाठीशी होता, म्हणून १७८७ ला फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेने तिच्यासाठी ९ राज्यांची मंजुरी पुरेशी ठरवली. (सरळ सांगायचं तर नियमाला बगल दिली.) ऱ्होड आयलंडने तिथे प्रतिनिधीच पाठवले नाहीत. १७९० मध्ये घटना मंजूर केली तीही ३४ विरुद्ध ३२ मतांनी. तोवर वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं होतं.