मदत हवी आहे: जुनं सिंगर ३१के शिलाई मशीन आणि त्याचं टेबल (इंदूर)

मंडळी, काकांच्या टेलरिंगच्या दुकानातलं सिंगर ३१के घरी आणलंय. सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्याचं, म्हणजे १९८० च्या आधीचं. तो कारखानाच त्या साली बंद पडला. चाक जाम होतं. रॉकेल सोडत राहिल्यावर फिरायला लागलं, पण सुई वर येताना एका जागी अडखळतंच. बॉबिन केस काढून पाहिली, धागा अडकलेला नाही. आता कुठे बघू?

सोनेरी नक्षीला स्पिरिट लावणार नाही, लाखेचं पॉलिश विरघळतं.

टेबलाची फळी बिजागरीपाशी फुगलीय. सुतार म्हणतो, सरळ सनमायका मारा. माझा जीव होत नाही! जोड देऊन टिकेल का?

क्लच मोटरऐवजी (ती सतत पूर्ण वेगात फिरते) सर्वो, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारी मोटर, बसवू का? मला जाड कापड सावकाश शिवायचंय. इथल्या सियागंज बाजारात कुणाकडे विचारावं?