मदत हवी आहे: वंशावळीसाठी खासगीपणा जपणारे सॉफ्टवेअर कोणते?

नमस्कार. आजोबांच्या हातची वंशावळ आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उतरवून आणलेल्या नोंदी पडताळून संगणकावर चढवायच्या आहेत. दिवंगत पिढ्यांबद्दल अडचण नाही. प्रश्न हयात माणसांचा आहे. आईचे माहेरचे आडनाव, पूर्ण जन्मतारीख आणि गाव एकाच ठिकाणी मिळाले, की बँकेच्या सुरक्षा प्रश्नांची निम्मी उत्तरे परक्याच्या हाती जातात. शिवाय दत्तकविधान, घटस्फोट अशा नोंदी घरातच राहाव्यात, असा काकूंचा आग्रह आहे आणि तो मला रास्त वाटतो.

मायहेरिटेज या ऑनलाइन वंशावळ सेवेच्या सुमारे ९.२ कोटी खात्यांचे ईमेल पत्ते बाहेर गेल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, तेव्हापासून घरचे ऑनलाइन सेवांना बिचकतात. फॅमिलीसर्च ही दुसरी वंशावळ साइट मोफत आहे, पण तिथला वंशवृक्ष सामाईक असल्याने दिवंगतांच्या नोंदी इतर सदस्यही बदलू शकतात. म्हणून माझा कल ग्रॅम्प्स या संगणकावरच चालणाऱ्या वंशावळ सॉफ्टवेअरकडे आहे: माहिती आपल्याच संगणकावर राहते, नोंदीवर खासगी असल्याची खूण करता येते आणि गेडकॉम फाइल (वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचे स्वरूप) काढताना हयात व्यक्ती वगळता येतात.

परदेशातील चुलतभावालाही भर घालू द्यायची असल्यास स्वतःच्या सर्व्हरवर वेबट्रीज (ब्राउझरमधून अनेकांना वापरता येणारे वंशावळ सॉफ्टवेअर) चालवणे कितपत झेपते? सासर-माहेरची दोन्ही नावे देवनागरीत कशी नोंदवता? एकाच गोत्रातील सारख्या नावांचा घोळ कसा टाळता? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.